मांगरातील उंदीर, माळ्यावरचे घुबड आणि एअर रायफल: सत्तरीतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, घडले. म्हादई अभयारण्याची हद्द तिथून फार दूर नाही. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही किरकोळ तपशील वगळले आहेत. कामाचा क्रम, घेतलेले निर्णय आणि झालेल्या चुका मात्र घडल्या तशाच लिहिल्या आहेत. धान्य आणि बागायती माल साठवताना होणारी नासाडी कशी टाळावी, याविषयी मी शेतकऱ्यांना सल्ला देतो. त्या नात्याने मी पहिल्या दिवसापासून या कामात होतो, त्यामुळे चुकांमध्ये माझाही वाटा आहे.

कुळागरात पोफळी, माड, केळी आणि मिरीचे वेल आहेत. मधोमध चिऱ्याच्या भिंतींचा, मंगळुरी कौलांचा जुना मांगर, म्हणजे गुरे आणि माल ठेवायची इमारत, आहे. त्याच्या एका अंगाला गोठा आणि पेंडीची पोती असतात, तर दुसऱ्या अंगाला नारळ, सुकवलेली सुपारी, घरच्या वापराचे उकडे तांदूळ आणि पुढच्या पेरणीसाठी राखलेले ज्योती जातीचे भात ठेवलेले असते. वर लाकडी माळा असून त्याच्या टोकाला, भिंतीतल्या झरोक्याशी, गव्हाणी घुबडांची एक जोडी कित्येक वर्षे राहत होती. घुबड घरात असणे अशुभ, असे म्हणणारे गावात पुष्कळ होते. या घरातल्या काकींनी मात्र त्या जोडीला कधी हाकलू दिले नाही, कारण घुबडे असतील तर उंदीर कमी, हे त्यांनी सासूबाईंकडून ऐकले होते.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या पावसात शेतातली आणि बांधातली बिळे पाण्याने भरली की उंदीर कोरड्या जागेकडे सरकतात, हे गोव्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भाताची चार पोती कुरतडली गेली होती, पाण्याच्या पंपाची वायर दोनदा तुटली होती आणि पेंडीच्या पोत्यांत लेंड्या सापडत होत्या. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असतेच. उंदरांच्या मुताने ओल्या झालेल्या जमिनीवर काकी रोज अनवाणी गुरांचे काम करीत होत्या, ही गोष्ट मला कुरतडलेल्या पोत्यांपेक्षा अधिक गंभीर वाटली.

आदल्या वर्षी या कुटुंबाने बाजारातून ब्रोमाडिओलोनच्या वड्या आणून माळ्यावर आणि पोत्यांमागे ठेवल्या होत्या. उंदीर कमी झाले. पण त्याच पंधरवड्यात घरातली दोन मांजरे मेली आणि घुबडांच्या जोडीतले एक गोठ्याच्या दाराशी मरून पडलेले आढळले. मृत्यूच्या कारणाची तपासणी झाली नव्हती. पण हे विष कसे काम करते ते ठाऊक असलेल्याला संशय येण्यास एवढे पुरेसे होते. ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावलेल्या अवस्थेत उघड्यावर फिरत राहतो आणि नेमका तसाच उंदीर मांजराच्या किंवा घुबडाच्या हाती सहज लागतो. एकेका उंदरातून थोडे थोडे विष शिकाऱ्याच्या अंगात साठत जाते.

म्हणून त्या वर्षी काकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अट एकच होती. ते म्हणाले, "विष सोडून काय ते सांगा. एक घुबड उरलंय, ते तरी राहू दे."

उंदीर कोणते, हे आधी पाहिले

उपाय सुचवण्याआधी दोन दिवस आम्ही केवळ पाहणी केली. माळ्याखाली घुबडाने ओकलेल्या काळपट गुठळ्या पडल्या होत्या. त्यांतल्या पाच-सहा पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवल्या. घुबड उंदीर सबंध गिळते आणि केस व हाडे गुठळी करून बाहेर टाकते, त्यामुळे आतल्या कवट्या बहुधा शाबूत मिळतात. त्या कवट्यांवरून आणि जमिनीवरच्या लेंड्यांवरून दोन प्रकार स्पष्ट झाले. गोठ्याच्या पायाशी बिळे करून राहणारी, अंगाने मोठी घूस हा एक आणि माळ्यावर, वाशांवर वावरणारा चपळ घरउंदीर हा दुसरा.

येण्याजाण्याच्या वाटा कळाव्यात म्हणून संध्याकाळी भिंतींच्या कडेने रांगोळीचे पट्टे पसरले. तांदळाचे पीठ वापरले असते तर ते त्यांनी खाऊन टाकले असते. सकाळी त्या पांढऱ्या पट्ट्यांवर पावलांच्या आणि शेपटीच्या रेघा इतक्या दाट उमटलेल्या होत्या की काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. पुढे सगळ्या कामाचे यश आम्ही याच पट्ट्यांवरून मोजले.

विचारात घेतलेले पर्याय

विष बाद झाले होते. झिंक फॉस्फाईड हे जलद विष आहे. पण पोटात त्याचा विषारी वायू होतो, त्यावर उतारा नाही आणि एकदा आजारी पडून वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. गुरे आणि खाण्याचे तांदूळ असलेल्या जागी ते आणण्याचा विचारही मला पटला नाही. गोंदाच्या पट्ट्या दुकानांत सहज मिळत असल्या तरी त्यांवर चिकटलेला प्राणी तासन्‌तास तडफडत मरतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने त्यांच्याविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. शिवाय अशा पट्टीवर घुबडाचे पंख चिकटले तर आम्ही ज्याला वाचवण्यासाठी धडपडत होतो, त्याचाच जीव गेला असता.

वाटा बंद करणे हा पर्याय नसून पायाच होता. दाराखाली पत्र्याची पट्टी मारणे, भिंतीतली भगदाडे सिमेंटने बुजवणे, झरोके सहा मिलिमीटरच्या जस्ताच्या जाळीने झाकणे, छपरावर आलेल्या फणसाच्या फांद्या तोडणे आणि पोती भिंतीपासून दीड फूट दूर, फळ्यांच्या मांडणीवर रचणे, ही ती कामे होत. त्यांच्या जोडीला चाप आणि पिंजरे लावायचे ठरले.

पण एक पेच राहिला. घरउंदीर माळ्यावर होते, आणि माळ्यावर चाप लावला असता तर वाशावर उतरणाऱ्या घुबडाचा पाय त्यात सापडला असता. पिंजरे वर ठेवून पाहिले, मात्र नवी वस्तू दिसली की घरउंदीर कित्येक दिवस तिच्याजवळ जात नाहीत. त्यातच वाटा बंद केल्या तर आत राहिलेले उंदीर आतच कोंडले गेले असते. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, हे लक्षात घेता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. काकांचा पुतण्या दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धांत भाग घेणारा नेमबाज आहे. त्याने स्वतःहून विचारले, "काका, रायफलने होईल का हे काम?"

मी लगेच होकार दिला नाही, आणि तो उशीर मला आजही योग्य वाटतो. एअरगन हातात आली की तिची नजर उंदरावरून पाखरांकडे वळायला वेळ लागत नाही. पक्षी आणि वन्यजीव वाचवण्यासाठी २०२१ पासून अरुणाचल प्रदेशात लोकांना एअरगन जमा करण्याचे आवाहन करावे लागले, ते याच कारणाने.

कायद्याची बाजू

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या एअर रायफलच्या नळीचा आतला व्यास ०.१७७ इंचांपेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा नाही आणि जिची ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक नाही, तिला परवाना लागत नाही. पुतण्याची रायफल या मर्यादेत होती. पण परवाना लागत नाही याचा अर्थ कशावरही झाडता येते असा होत नाही, आणि लोकांची गल्लत नेमकी इथे होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पूर्वी पाचवी अनुसूची होती. कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर यांना त्यात उपद्रवी ठरवलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवायचे तर केंद्र सरकारला कलम ६२ खाली तशी अधिसूचना काढावी लागते. अनेकांच्या मनात अजून जुनीच यादी आहे आणि कावळे-वटवाघळे मारायला मोकळीक आहे असे ते समजतात. शिवाय या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. म्हणजे नेम चुकला हा बचाव होत नाही. कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही. पुतण्याचा नेहमीचा जवळचा रस्ता अभयारण्यातून जात असल्यामुळे रायफल लांबच्या रस्त्याने आणायची, असे ठरले.

आम्ही वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात जाऊन काय करणार, कुठे करणार आणि कशावर करणार हे सांगितले. काम केवळ मांगराच्या चार भिंतींच्या आत आणि फक्त घूस व घरउंदीर यांच्यापुरते, ही मर्यादा आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. तिच्याखाली काका, पुतण्या आणि मी अशा तिघांनी सह्या केल्या.

प्रत्यक्ष काम

सर्वांत अवघड प्रश्न छऱ्यांचा होता. नेहमीचे छर्रे शिशाचे असतात आणि आदळल्यावर त्यांचे कण उडतात. खाण्याचे तांदूळ असलेल्या जागी ते चालणार नव्हते. म्हणून कथिलाच्या मिश्रधातूचे शिसेविरहित छर्रे घेतले. पण ते अधिक कडक असतात, कठीण वस्तूवर आदळले तर कमी चेपतात आणि जास्त उसळतात. एक धोका टाळताना दुसरा वाढला होता, याची जाणीव आम्हाला होती. ती पुरेशी नव्हती, हे पुढे कळले.

वरच्या दिशेने एकही छर्रा सुटता कामा नये, हा पहिला नियम. वर कौले होती, माळा होता आणि घुबडाची जागा होती. त्यामुळे उंदरांनाच खाली आणायचे होते. जमिनीवर एक फळी ठेवली, तिच्यामागे आणि खाली वाळूची पोती रचली. फळीच्या मधोमध गूळ आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वाटून केलेला लगदा दाबून चोळला, जेणेकरून उंदराला तुकडा उचलून पळता येणार नाही, जागेवर थांबून चाटावे लागेल. पाच रात्री रायफल न आणता तो लगदा तसाच चाटू दिला. नेमबाज उंच बाकावर बसणार, फळी त्याच्यापासून आठ मीटरवर आणि नळीचे तोंड खाली झुकलेले, अशी मांडणी केली.

पुतण्याला दहा मीटरचा सराव होता तरी दुर्बीण नवी होती. दुर्बिणीचा मध्य नळीपेक्षा सुमारे चार सेंटीमीटर वर असतो, त्यामुळे जुळवलेल्या अंतरापेक्षा जवळ नेम धरला तर छर्रा खाली लागतो. उंदराच्या डोक्याच्या बाबतीत दोन सेंटीमीटरचा फरक म्हणजे तत्काळ मृत्यू आणि तुटलेला जबडा यांतला फरक. म्हणून दुर्बीण त्याच बाकावरून, त्याच आठ मीटरवर जुळवली आणि कागदावर सलग दहा छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत लागल्याशिवाय सुरुवात करायची नाही, असे ठरले. पहिल्या दिवशी आठच लागले. त्या रात्री आम्ही घरी गेलो.

काम संध्याकाळी घुबड बाहेर पडल्यानंतरच सुरू होई. लाल काच लावलेला दिवा माझ्या हातात असे, कारण लाल उजेड उंदरांना फारसा जाणवत नाही. मी "हो" म्हटल्याशिवाय पुतण्याने ट्रिगर ओढायचा नाही आणि त्याच्या मनात शंका असेल तर माझ्या "हो"लाही अर्थ नाही, असा करार होता. सुटलेला प्रत्येक छर्रा वहीत लिहायचा आणि तो सापडेपर्यंत उठायचे नाही, हाही नियम होता.

दोन रात्री, ज्यांचा मला विसर पडत नाही

दुसऱ्या रात्री वाळूचे वरचे पोते ओघळून थोडे खाली बसले होते आणि ते माझ्या लक्षात आले नाही. उंदीर ऐन वेळी हलला, नेम चुकला, आणि छर्रा मागच्या चिऱ्याच्या कोपऱ्यावर आदळून उसळला. ताडपत्रीवर टप्‌ असा आवाज झाला. कोणाला इजा झाली नाही. पण तो सापडेना. ताडपत्रीखाली तांदळाची पोती होती. ती बाहेर हलवायला हवी होती; पावसाचे दिवस आणि जागेची टंचाई म्हणून आम्ही ती झाकून ठेवण्यावर भागवले होते. दुसऱ्या दिवशी काकींनी भोक पडलेल्या पोत्यातले तांदूळ सुपावर थोडे थोडे घेऊन पाखडायला घेतले. दुपार उलटल्यावर सुपाच्या काठावर टिण्‌ असा बारीक आवाज झाला आणि त्यांनी चेपलेला छर्रा माझ्या तळहातावर ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. त्याच संध्याकाळी सगळे तांदूळ घराच्या ओसरीवर हलले.

चौथ्या रात्री एक उंदीर डोक्याऐवजी मानेमागे लागला आणि फरफटत मांडणीखाली गेला. आम्ही काम तिथेच थांबवून दीड तास शोधले. तो सापडला पहाटे, मेलेला. इतका वेळ तो जिवंत होता की नाही, याचा विचार आम्हा दोघांनाही सुखाने झोपू देणारा नव्हता. पुतण्या म्हणाला, "तो हलत होता, मी थांबायला हवं होतं." उंदीर नासाडी करतो म्हणून त्याला होणारी वेदना कमी ठरत नाही. त्यानंतर उंदीर फळीवर पूर्ण स्थिर होऊन तीन आकडे मोजून होईपर्यंत ट्रिगर ओढायचा नाही, असा नियम वहीत वाढला. त्याच रात्री आणखी एक गोष्ट घडली होती. लाल उजेडात मांडणीच्या कडेला दोन डोळे चमकले, उंदराच्या डोळ्यांपेक्षा बरेच दूर दूर. मी "हो" म्हटले नाही. ते उदमांजर होते, लगद्याच्या वासाने आलेले.

माकडांचा आग्रह

रायफल आल्याची बातमी लपली नाही. शेजारचे दोन बागायतदार येऊन काकांना म्हणाले की माकडे शहाळी आणि केळी ठेवत नाहीत, बंदूक आहेच तर दोन-चार लोळवली की बाकीची येणार नाहीत. त्यांचे नुकसान खरे होते. मी त्यांच्या बागा पाहिल्या आहेत, आणि कायदा दाखवून त्यांना वाटेला लावणे मला बरे वाटले नाही. पण माकड हे संरक्षित वन्यप्राणी आहे, आणि साडेचार मिलिमीटरच्या छऱ्याने ते मरत नाही, जखमी होऊन सडत जगते. शिवाय सत्तरीत २०१५ पासून गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाने माणसे दगावलेली आहेत. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी उतरून नवे शरीर शोधतात, हे मी सांगितले तेव्हा त्यांपैकी एकजण गप्प झाला, कारण त्याच्या नात्यातच तो आजार झाला होता. नुकसानभरपाईसाठी शेतकी खात्याच्या विभागीय कार्यालयात अर्ज कसा करायचा, ते त्यांना त्याच दिवशी लिहून दिले. काकांवर काही काळ नाराजी राहिली, ती त्यांनी सोसली.

निष्पत्ती

तीन आठवड्यांत सहा रात्री काम झाले. एकोणीस छर्रे सुटले. सोळा उंदीर जागीच मेले, एक जखमी होऊन मेला आणि दोन नेम चुकले. एकोणीसही छर्रे परत मिळाले. मेलेले उंदीर हातमोजे घालून उचलले, चुना टाकून हातभर खोल पुरले आणि फळी व जमीन दरवेळी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुतली. याच काळात खालच्या चापांत आणि पिंजऱ्यांत एकतीस सापडले, त्यांत बहुतेक घुशी होत्या. म्हणजे आकड्यांनी पाहिले तर मोठे काम चापांनी केले; रायफलने केले ते माळ्यावरच्या, चापाला न फसणाऱ्या उंदरांचे. जुलैअखेर जाळ्या आणि पत्रे पूर्ण झाले. घुबडाचा झरोका उघडाच ठेवून त्याच्याखालच्या भिंतीवर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा ठोकला, म्हणजे उंदराला चढता येऊ नये. ऑगस्टच्या मध्याला रांगोळीच्या पट्ट्यांवर सलग चार सकाळी एकही पाऊल उमटले नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक वेळेची होती. जाळ्या, पत्रे आणि फांद्यांची छाटणी एप्रिल-मेमध्ये, काजूचा हंगाम आवरताना झाली असती, तर जूनमध्ये आत शिरलेल्या उंदरांची संख्या फार कमी असती आणि कदाचित रायफलची गरज दोन रात्रींपुरतीच उरली असती. काकांनी मला जूनमध्ये बोलावले हे खरे. पण त्यांच्या शेजारच्या कुळागरात मी मार्चमध्ये गेलो होतो आणि हा मांगर तेव्हाच पाहता आला असता.

तांदूळ आधी न हलवणे ही दुसरी चूक, आणि ती पूर्णपणे माझी. वाळूची पोती प्रत्येक छऱ्यानंतर तपासायला हवी होती, फक्त सुरुवातीला नव्हे. शेजाऱ्यांना आधी न सांगणे ही तिसरी. पहिल्या रात्री आवाज ऐकून दोघेजण बॅटऱ्या घेऊन धावत आले, आणि त्यांतला एक दाराच्या ज्या बाजूने आत शिरला ती आमच्या नेमाच्या रेषेपासून चार हातांवर होती. त्या क्षणी रायफल रिकामी होती, हे आमचे नशीब. दुसऱ्या रात्रीपासून दाराला आतून कडी आणि बाहेर लाल फडके असे.

रायफलचा निर्णय बरोबर होता का, हे काकांनी मला नंतर विचारले. माळ्यावरच्या उंदरांसाठी, घुबड वाचवायचे असताना, त्या आठवड्यात मला दुसरा मार्ग दिसला नव्हता आणि आजही दिसत नाही. मात्र हाताशी दहा मीटरचा शिकलेला नेमबाज नसता, तर मी तो सुचवला नसता. पिंजऱ्यांवर भिस्त ठेवून नासाडी आणखी महिनाभर सोसायला सांगितले असते.

रायफल आता पुतण्याच्या घरी कुलपात आहे आणि छर्रे वेगळ्या कपाटात. नोव्हेंबरमध्ये काकींनी झरोक्यात दोन घुबडे पाहिल्याचे कळवले. माडांच्या बुंध्यांना पत्र्याचे पट्टे बांधायचे काम अजून बाकी आहे. नारळ काढायला पाडेली येईल तेव्हा त्याच्याकडूनच ते करून घ्यायचे ठरले आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला काकी भिंतीच्या कडेने रांगोळी पसरतात आणि सकाळी गाईंना चारा घालण्याआधी ती पाहून येतात.